जवस गोठलं नाही, बेबी

बेबी, आधी चोरीचं सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

तुझ्या तेरवीच्या दिवशी मी तुझ्या घरातून दोन बाटल्या लांबवल्या. एक तुझ्या आरशाखालची, रुंद तोंडाची, खोबरेल तेलाची. दुसरी स्वयंपाकघराच्या खिडकीतली, जवसाच्या तेलाची. पंगत बसली होती, वाढपी बुंदीचं घमेलं घेऊन फिरत होते, पाहुण्या बायका एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत होत्या. तेवढ्यात शहात्तर वर्षांच्या एका रिटायर मास्तरणीनं शालीच्या आडून काम फत्ते केलं. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत ती पिशवी मी मांडीवर धरून बसले. सुनेनं दोनदा विचारलं, "आई, द्या, मी धरते." मी म्हटलं, "राहू दे, प्रसाद आहे."

खोटं बोलले. पण तुझ्या बाबतीत खोटं बोलायची मला जुनी सवय आहे. हे सगळं त्याबद्दलच आहे.

घरी येऊन खोबरेलाची बाटली उघडली. थंडीनं तेल गोठून पांढरंशुभ्र झालं होतं आणि मधोमध तुझ्या बोटाची चरी होती. तू रोज सकाळी तर्जनी वाकवून तेल खरवडायचीस, चमचा तुला कधी लागला नाही. त्या शेवटच्या सकाळीही वेणी घालून, चहा पिऊन मग गेलीस म्हणे. म्हणजे ती चरी त्याच सकाळची. तिच्या काठाला नखाची बारीक रेघसुद्धा आहे. माणूस गेलं, राख झाली, आणि बोट तेवढं तेलात राहिलं. मी माझं बोट त्या चरीत ठेवून पाहिलं. बसलं नाही. माझं जाड आहे. तुझं सगळंच बारीक होतं, जीभ सोडून.

हे मी छापायला देणार आहे. का, ते शेवटी कळेल. म्हणून वाचणाऱ्यांना तू कोण ते सांगायला हवं. तू माझी धाकटी नणंद. कागदोपत्री सिंधू, बाकी साऱ्या गोतावळ्याची बेबी. सत्तरी गाठलीस, पणजी व्हायच्या बेतात आलीस, तरी बेबीच. सातवी झाल्यावर शाळा सुटली. सतराव्या वर्षी अकोल्याला दिलं, घाणीवाल्यांच्या घरी. समोर दुकान, मागे तेलाची घाणी, त्याच्याही मागे तू.

आणि मी? त्या काळातल्या माझ्याबद्दल काय सांगू! नवी बीएस्सी, नवी नोकरी, नवा चष्मा. नंबर नव्हताच. साध्या काचेचा चष्मा घालून हिंडायची ती बया, मास्तरीण दिसावी म्हणून. शाळेत मुलींना रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेलं घरी आणून सासरच्यांना शिकवायची. स्वयंपाकघराच्या दाराच्या फळीवर खडूनं तक्ते लिहून ठेवायची. वरण उतू गेलं की उकळणबिंदू समजावायची, गॅस बंद करायची नाही. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी पदर डोळ्यांवर ओढून पलीकडच्या बाजूनं जाईन.

तुझी लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. तू माहेरी आलीस ती घाणीवरच्या तेलाच्या बाटल्या घेऊन, औषधाच्या, लाकडी बुचांच्या. काळी साडी, हातभर चुडा, आणि केसांना जवसाचा उग्र वास. आम्ही अंगणात शेकोटीपाशी बसलो होतो. मामाजी, म्हणजे तुझे बाबा, विडी ओढत होते. तू मला विचारलंस,

"वहिनी, तुमाले एक इचारू? खोबरेल थंडीत गोटा होते. मंग जवस काहून नाई होत?"

खोबरेल थंडीत गोठतं हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या चष्मेवालीला नुकतंच एक सूत्र सापडलं होतं आणि ती ते सगळीकडे लावत सुटली होती. ती म्हणाली,

"जवस गोठत नाही असं कोण म्हणतं? तेलाचे बारीक बारीक कण असतात, त्यांना रेणू म्हणायचं. रेणू एकमेकांना ओढतात. उष्णता असली की त्यांची चुळबुळ चालते, थंडी पडली की चुळबुळ थांबते आणि ओढ जिंकते. मग ते रांगेनं बसतात, त्यालाच गोठणं म्हणतात. जवसाचा रेणू खोबरेलाच्या रेणूपेक्षा मोठा. मोठा म्हणजे ओढ जास्त. ओढ जास्त म्हणजे आधी गोठणार. जवस आधीच गोठत असेल, तुम्ही लोकांनी पाहिलं नसेल."

"आमी लोकाईनं?" तू म्हणालीस. "आमच्या घरी घाणी हाय, वहिनी. जवसाच्या पिंपापाशी झोपतो आमी."

"झोपता ना? मग कसं दिसणार?"

मामाजी खो खो हसले. तू हसली नाहीस. बाटल्या समोर ठेवल्यास आणि म्हणालीस, "लावता पैज? जे हारन तिनं साऱ्याईसमोर म्हनाचं, तुयं खरं, मायं खोटं."

मी पैज लावली. रात्रभर बाटल्या गच्चीच्या कठड्यावर राहिल्या.

ती सकाळ मला अजून दिसते, बेबी. हल्ली तर जास्तच, डोळे मिटले की लगेच. धुकं इतकं की समोरच्या लिंबाचा फक्त बुंधा होता, वरचं झाड नव्हतंच. शेकोटीचा धूर कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. तू जिन्यावरून बाटल्या उराशी धरून उतरलीस, जणू कुणाचं तान्हं बाळ आणते आहेस. खोबरेलाची बाटली उलटी केलीस, थेंब पडला नाही. शेंगदाण्याचं तेल थोडं जड, थोडं गढूळ झालं होतं, झोपेतून नुकतं उठल्यासारखं. आणि जवस? तू बाटली नुसती कलती केलीस आणि ते सोनेरी तेल झुळझुळ या टोकाचं त्या टोकाला गेलं. त्याला थंडी ठाऊकच नव्हती.

मामाजी म्हणाले, "घ्या मास्तरीणबाई! बोला आता."

मी चष्मा पुसायला घेतला. तू बोललीस, आणि चिडवायला नाही, खरंच विचार करून. शेकोटीत घालायला तुराट्या ठेवल्या होत्या, तुरीच्या वाळलेल्या काड्या, सरळसोट. शेजारी बाभळीच्या वाकड्यातिकड्या डहाळ्या होत्या. तू मूठभर तुराट्या उचलल्यास.

"मले काय वाटते सांगू? खोबरेल असन या तुराट्याईवानी. सरय सरय. भारा बांधला का अंगाले अंग चिकटून बसते. अन् जवस असन बाभयीच्या डगाल्याईवानी. मोठं हाय, पन वाकडं हाय. बांधून दाखवा बरं भारा! एकीच्या कोपराले दुसरीचा कोपर लागते. जवयच बसत नाई तं ओढ काय करन?"

त्या चष्मेवालीनं त्या वेळी गप्प बसायचं की नाही? किंवा वहीत लिहून घ्यायचं की नाही? पण नाही. सातवी पास पोरगी हातात काटक्या घेऊन रेणूंचा आकार सांगते, हे तिला सोसलं नाही. ती म्हणाली,

"काटक्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, बेबी. सूत्र चुकत नसतं. तेलच शुद्ध नसणार. भेसळ असेल."

मामाजींनी विडी खाली टाकली. घाणीवाल्याच्या घरच्या नव्या सुनेला, तिच्या माहेरच्या अंगणात, तिच्या बापासमोर मी सांगितलं की तुमच्या तेलात भेसळ आहे. एक पैज हरू नये म्हणून.

तू तुराट्या हळूच खाली ठेवल्यास. तोवर तू मला 'तुमी' म्हणायचीस. त्या सकाळी पहिल्यांदा 'तू' म्हणालीस.

"वहिनी, तू लय शिकली हायेस. पन आमचं तेल आमी आमच्या लेकराईच्या टाळूवर घालतो."

एवढंच. मग बाटल्या पिशवीत भरल्यास. त्या वर्षी मामाजींनी घरचं तेल अकोल्याहून मागवलं नाही, बाजारातून आणलं. तुला ते कळलं असणारच. पुढे सगळे कौतुकानं म्हणायचे, नणंद-भावजयीचं काय जमतं पाहा, एकमेकींना अगंतुगं करतात! मी मान डोलवायची. तो 'तू' कुठून आला ते आपल्या दोघींनाच ठाऊक होतं. नंतर तो खरोखरच मायेचा झाला, ते मात्र कधी झालं ते मला सांगता येणार नाही. तेलाला वितळताना पाहिलं आहे का कुणी नेमक्या क्षणी?

दुसऱ्या संक्रांतीला तू पुन्हा आलीस. काही न बोलता जवसाची बाटली माझ्या खिडकीत ठेवलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारलंस, "गोठलं काय वं?" मी म्हटलं, "अजून नाही." तू म्हणालीस, "असं काय! पाहू मंग पुढच्या साली."

तेव्हापासून दर वर्षी बाटली आणि दर थंडीत तो प्रश्न. आधी पोस्टकार्डावर, शेवटच्या ओळीत, 'सर्वांना नमस्कार'च्या वर. मग शेजाऱ्यांच्या फोनवर, मग मोबाइलवर. घरातली पोरं हसायची, त्यांना तो विनोद वाटायचा. विनोद होताच. पण विनोदाच्या तळाशी ती शेकोटी होती.

आता खरं पाप ऐक. त्या सकाळनंतर अकरा वर्षांनी आम्हा शिक्षकांचं दहा दिवसांचं शिबिर होतं, अकोल्यात. मी उतरले तुझ्याकडे. आठव्या की नवव्या दिवशी एका प्राध्यापकांनी फळ्यावर तेलांच्या रेणूंची चित्रं काढली. खोबरेलाचे लांब हात-पाय सरळ, काठीसारखे. जवसाचे त्याहून लांब, पण जागोजागी वाकलेले. ते म्हणाले, ही ओढ फार नाजूक असते, अगदी जवळ आलं तरच लागते. वाकडे रेणू जवळ येऊ शकत नाहीत, म्हणून मोठे असूनही जवस गोठायला शून्याच्या खाली वीसेक अंश जावं लागतं, आणि खोबरेल चोवीस-पंचविसावरच गोठतं.

मी मागच्या बाकावर होते. वहीत मी रेणू काढलेच नाहीत. तुराट्या काढल्या. आणि बाजूला बाभूळ.

संध्याकाळी घरी आले. तू चुलीपाशी बसून भाकर थापत होतीस. मागे घाणी घरघरत होती, सगळ्या घराला ढेपेचा, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीचा, गोड वास येत होता. तू मान वर न करता विचारलंस, "काय शिकोलं आज मोठ्या मास्तराईनं?"

आणि मी म्हटलं, "काही नाही गं. जुनंच."

का म्हटलं तसं? खूप वर्षं विचार केला. शास्त्रातली चूक कबूल करणं सोपं होतं, मुलींसमोर फळ्यावर मी रोज एखादी चूक पुसायची. पण या चुकीच्या पोटात दुसरी होती. 'जवस वाकडं असतं' म्हटलं की पाठोपाठ 'तुमचं तेल चोख होतं' म्हणावं लागलं असतं. आणि ते म्हटलं असतं तर अकरा वर्षं का नाही म्हटलं, हेही सांगावं लागलं असतं. तू भाकरीवर तेल-तिखट घालून पुढे ठेवलंस. मी खाल्लं. लाज असलेल्या माणसाला घास तरी अडकला असता. मी दुसरी मागितली.

तुझ्याइतकी चांगली विद्यार्थिनी मला शाळेत एक मिळाली नाही, हेही सांगायचं राहिलंच. उन्हाळ्यात तू पोरं घेऊन यायचीस. आपण आइस्क्रीमचा लाकडी पॉट काढायचो, भोवती बर्फ आणि खडेमीठ. मी पोरांना सांगत होते, की पाण्याच्या रेणूंना बर्फ व्हायचं तर नीट ओळीनं हात धरावे लागतात, मिठाचे कण मध्ये घुसून त्यांना हात धरू देत नाहीत, म्हणून खारं पाणी शून्यावर गोठत नाही, आणखी थंड व्हावं लागतं. पोरांचं लक्ष दुधाकडे. तू हँडल फिरवता फिरवता म्हणालीस, "म्हंजे मीठ म्हंजे सासू. मधात बसते, हात धरू देत नाई." तुझी सासू त्या वर्षी तुझ्यासोबत आलेली, शेजारच्या खाटेवरच बसली होती. तिलाच आधी हसू फुटलं.

आणि चिखलदरा. बेबी, चिखलदऱ्याची ती पहाट मला हल्ली दुपारच्या डुलकीत येते. खरी किती आणि स्वप्नातली किती, आता वेगळं करता येत नाही.

मी रिटायर झाले त्या वर्षीची गोष्ट. वर दवबिंदू गोठायला लागले अशी बातमी आली आणि तुझा फोन, "वहिनी, चाल. तिथं तरी गोठते का पाहू." परतवाड्याहून घाट चढणाऱ्या एसटीत दोन म्हाताऱ्या, अंगावर तीन-तीन स्वेटर, आणि मांडीवर जवसाची बाटली. कंडक्टरनं विचारलं, "बाई, हे काय हाय?" तू म्हणालीस, "पेशंट हाय. थंडी खायले नेऊन राहिलो."

पहाटे आपण पठाराच्या कडेला गेलो. गवताच्या प्रत्येक पात्यावर बर्फाची कुरकुरीत साय होती. खाली दरीत ढग भरले होते, सपाट, पांढरे, जणू कुणी एवढी मोठी खोबरेलाची बाटली थंडीत उघडी ठेवली आहे. पायांखाली काचेचा चुरा वाजावा तसा आवाज. तू एक पातं खुडलंस आणि तळहातावर ठेवलंस. बर्फ गेला, थेंब राहिला.

"वहिनी, पान्याचा कन केवढा असते?"

"तेलाच्या रेणूपुढे? हत्तीपुढे चिलट."

"मंग तुया त्या सूत्रानं त्यानं गोठूच नाई. इतकुसा तं हाय."

मी म्हटलं, "पाण्याच्या रेणूला हात असतात म्हण. एवढासा असला तरी शेजाऱ्याला घट्ट धरतो. तेलाला तसे हात नाहीत, ते नुसतं अंगाला अंग लावून बसतं."

तू तो थेंब तळहातावर इकडून तिकडे फिरवलास. मग म्हणालीस, "म्हंजे मोठं असन्यावर काईच नाई. धरन्यावर हाय, नाईतं जवय बसन्यावर हाय."

माझी सगळी नोकरी तू एका वाक्यात गुंडाळलीस.

मग तू पिशवीतून बाटली काढलीस. कडेच्या दगडावर रात्रभर ठेवलेली. कलती केलीस. जवस हललं, सोनेरी, संथ, उन्हाचा पहिला किरण त्यातून आरपार गेला आणि तुझ्या नाकावर पडला. तू माझ्याकडे पाहिलंस. डोळ्यांत खोडी नव्हती. नुसती वाट पाहत होतीस.

"अन् जवसाचं काय असन मंग, वहिनी?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. सगळं पठार गोठून आपल्याकडे कान लावून बसलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, 'तुराट्या, बेबी. तू म्हणालीस तेच.' पाच शब्द.

मी म्हटलं, "आणखी थंडी पाहिजे बहुतेक."

तू बूच लावलंस. "असन," म्हणालीस. मग आपण टपरीवर गेलो आणि कॉफी प्यायली, आणि तू मला तुझ्या सुनेच्या नकला करून दाखवल्यास. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचंच होतं असं तुला वाटलं असावं, असं मी आजपर्यंत समजत होते.

यंदाच्या जानेवारीत तुझा फोन आला तेव्हा मी पोथीतलं बोट न काढता बोलत होते. "लय थंडी पडली, वहिनी. गोठलं काय वं?" मी म्हटलं, "चष्मा सापडत नाही गं. पाहून सांगते." आता चष्म्याला नंबर आहे, आणि तो कपाळावरच होता. चौथ्या दिवशी तू गेलीस.

तेरवीला मी ठरवून आले होते. पैजेत 'साऱ्याईसमोर' म्हटलं होतं, तर पंगतीत उभं राहून सांगायचं. उभीही राहिले. सगळ्यांनी वर पाहिलं. तुझा मुलगा म्हणाला, "मामी, काही पाहिजे काय?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मीठ."

मीठ आलं. मी खाली बसले. मग स्वयंपाकघरात गेले आणि चोरी केली. जवसाची बाटली पिशवीत घालते आहे तोच तुझी नात पूर्वा दारात. कृषी विद्यापीठात शिकणारी, तुझ्यासारखीच बारीक. मला वाटलं, झालं, पकडले गेले. ती म्हणाली,

"घेऊन जा आजी. ती तुमच्यासाठीच भरून ठेवली होती तिनं. संक्रांतीला देणार होती."

मग खिडकीशी टेकून म्हणाली, "एक सांगू? जवस का गोठत नाही ते मी आजीला चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आमच्या अभ्यासात आहे. चित्र काढून दाखवलं. ती इतकी हसली, इतकी हसली! म्हणाली, तुराट्या! मी म्हटलं, मग अमरावतीच्या आजीला फोन लावू? तर म्हणाली, नको. तिले माईत असन, मास्तरीण हाय ते. पन तिनं मले सांगाचं हाय, मी तिले नाई."

चार वर्षं, बेबी. चार हिवाळे तुला माहीत होतं की मला माहीत आहे. तरी तू विचारत राहिलीस, 'गोठलं काय?' मी समजत होते की तू मला टोचते आहेस. तू दार उघडं धरून उभी होतीस. आणि मी चष्मा शोधत होते.

माहीत असून तू सांगितलं नाहीस, या रागात मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. गेलेल्या माणसाशी अबोला धरता येतो, करून पाहिला. मग एका दुपारी डोळा लागला आणि तू आलीस. हळदी-कुंकू होतं, आपल्याच अंगणात, धुक्यात. सतरंजीवर बायका खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, सगळ्या तरण्या, ताठ कण्याच्या, पांढऱ्याशुभ्र साड्यांत, मुंगी शिरायला जागा नाही. मी कुठे बसू म्हणून पाहत होते. माझा गुडघा वाकत नाही, कंबर सरळ होत नाही, जिकडे टेकावं तिकडे कुणाला तरी कोपर लागतो. "सरका की गं," म्हणाले, तर कुणी हलेना, गोठल्या होत्या सगळ्या. तेवढ्यात कडेनं तुझा आवाज, "इकडं ये व वहिनी. इथं मोकयं हाय." पाहते तर तूही तशीच, वाकडी, एक पाय लांब केलेला. तुझ्याशेजारी बसले. मध्ये वीतभर अंतर राहिलंच, पण बरं वाटलं. वाकलेली माणसं उशिरा गोठतात, हे शास्त्र त्या चष्मेवालीला कुठलं कळायला.

पूर्वाला फोनवर त्या चरीचं सांगितलं, तर ती म्हणाली, खोबरेल फ्रिजमध्ये ठेवा, बोटाची खूण राहील. आठ दिवस ठेवलं, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. येता-जाता दार उघडून पाहायची. सुनेला वाटलं म्हातारी चोरून गोड खाते. पण बाहेर ऊन तापू लागलं आहे, बेबी. ज्या तेलाला उन्हाळा ठाऊक आहे त्याला फ्रिजमध्ये कोंडून मी काय जपत होते? तू जन्मभर तेल डोक्यावर घातलंस, कपाटात नाही ठेवलंस.

आज सकाळी बाटली गच्चीच्या कठड्यावर ठेवली आणि समोर बसले. आधी कडा पारदर्शक झाल्या. मग नखाची रेघ गेली. चरीचे काठ हळूच आत झुकले, जणू कुणी मूठ मिटते आहे. मग पांढरं बेट तरंगत राहिलं थोडा वेळ, लहान झालं, आणखी लहान. मग नुसतं तेल. स्वच्छ. तळ दिसत होता. इतकं चोख तेल मी बाजारातून कधी आणलं नाही.

ते मी तळहातावर घेतलं आणि माझ्या टाळूवर घातलं.

आता पैज. पंगतीत जमलं नाही, म्हणून छापून देते आहे. तुझ्या-माझ्या गोतातले, शाळेतल्या जुन्या मुली, अमरावती-अकोल्याचे ओळखीचे-अनोळखी, सगळे वाचतील. मामाजी असते तर त्यांनाही वाचून दाखवलं असतं. तुझ्याच शब्दांत म्हणते, कारण तेच ठरलं होतं.

तुयं खरं, मायं खोटं. तुमच्या तेलात भेसळ नव्हती. माझ्या बोलण्यात होती.

आणि शेवटच्या फोनवर म्हटलं होतं ना, पाहून सांगते? दुसरी बाटली खिडकीतच आहे. चष्मा लावला, बाटली कलती केली, पाहिलं.

नाही गोठलं, बेबी.